दोन ओळींमागची रिपॉझिटरी : गिट सबमॉड्यूलचे परीक्षण

रिव्ह्यूसाठी, म्हणजे मंजुरीपूर्वीच्या तपासणीसाठी, आलेल्या त्या बदलात एकूण चौदा नोंदी होत्या. तेरा नोंदी सरळ वाचता येतील अशा कोडच्या फाइलींच्या होत्या. चौदाव्या नोंदीत फक्त दोन ओळी होत्या, वजा चिन्हाची एक आणि अधिक चिन्हाची एक. दोन्हींत ‘सबप्रोजेक्ट कमिट’ हे शब्द आणि त्यांच्यापुढे चाळीस अक्षरांचा हॅश, म्हणजे कमिटची (कोडच्या नोंदवून ठेवलेल्या एका स्थितीची) ओळख सांगणारा संकेत. तेरा फाइलींवर मी पाऊण तास घालवला, चार सूचना लिहिल्या आणि त्या दोन ओळींवरून नजर तशीच पुढे नेली. बदल मंजूर झाला. तीन आठवड्यांपूर्वी दुरुस्त केलेला एक दोष दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर झाला आणि बऱ्याच शोधानंतर कळले की, त्याच दोन ओळींनी आतली रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाच्या पोटातला दुसऱ्या कोडचा इतिहासासह साठा, तीन आठवडे मागे नेऊन ठेवली होती.

गिट या कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनातील सबमॉड्यूल, म्हणजे एका रिपॉझिटरीत दुसरी ठेवण्याची सोय, मी बरीच वर्षे वापरत आले आहे आणि तिच्याविषयी तक्रार करणारे लोक तिच्याविषयी चांगले बोलणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त भेटले आहेत. त्या तक्रारी बहुतेक कोड लिहिणाऱ्याच्या असतात: क्लोन केल्यावर (आपल्या यंत्रावर प्रत आणल्यावर) फोल्डर रिकामे दिसते, आज्ञा लक्षात राहत नाहीत, ब्रँच (कामाची वेगळी शाखा) बदलली की आतले काहीच बदलत नाही. मला मात्र या सोयीचे परीक्षण दुसऱ्या खुर्चीत बसून करायचे आहे. जो माणूस बदल लिहीत नाही, पण मंजुरी देऊन त्याची जबाबदारी घेतो, त्याला हे साधन कितपत साथ देते, हा माझा प्रश्न आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. आत दडलेल्या रिपॉझिटरीची नोंद गिट अत्यंत अचूक ठेवते, परंतु ती नोंद वाचून दाखवण्याचे काम जवळजवळ पूर्णपणे माणसावर टाकून मोकळी होते.

एका रिपॉझिटरीच्या पोटात दुसरी रिपॉझिटरी ठेवण्याची गरज जुनी आहे. अनेक प्रकल्पांना लागणारा सामायिक कोड असतो, बाहेरून घेतलेली लायब्ररी असते, किंवा ज्यांच्यावर वेगळ्या गटाची मालकी आहे अशा फाइली असतात. गिटने यासाठी २००७ साली १.५.३ या आवृत्तीत ‘गिट सबमॉड्यूल’ ही आज्ञा आणली. तिच्यामागची रचना आजही तीच आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट समजत नाही. गिटच्या ट्रीमधील, म्हणजे कमिटमधल्या फाइलींच्या यादीतील, प्रत्येक नोंदीला एक मोड, म्हणजे तिचा प्रकार सांगणारा क्रमांक, असतो. साध्या फाइलीचा मोड १००६४४, चालवता येणाऱ्या फाइलीचा १००७५५, सिमलिंकचा (दुसऱ्या फाइलीकडे नेणाऱ्या दुव्याचा) १२०००० आणि सबमॉड्यूलचा १६००००. या शेवटच्या प्रकाराला गिटलिंक म्हणतात. त्या नोंदीत आतल्या फाइलींचा मजकूर नसतो, ब्रँचचे नाव नसते, आवृत्तीचा क्रमांकही नसतो. असतो तो केवळ एका कमिटचा हॅश. तो कमिट बाहेरच्या रिपॉझिटरीच्या साठ्यात असण्याचे बंधन नाही, आणि बहुतेक वेळा तो तिथे नसतोच. तो कोणत्या पत्त्यावरून आणायचा, हे डॉट गिटमॉड्यूल्स नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत वेगळे लिहिलेले असते.

ही रचना मला मनापासून आवडते. सबव्हर्जन या गिटआधीच्या साधनात याच कामासाठी ‘एक्स्टर्नल्स’ नावाची सोय होती आणि तिच्यात रिव्हिजन (आवृत्तीचा क्रमांक) मुद्दाम लिहून ठेवली नाही, तर दर वेळी समोरच्या रिपॉझिटरीतले सर्वात ताजे रूप येत असे. परिणामी बाहेरचा जुना कमिट उघडला तरी आतला कोड आजचा, आणि दोघांचा मेळ कधी होता हे सांगायला कोणी नाही. गिटमध्ये असा गोंधळ रचनेनेच अशक्य केला आहे. पाच वर्षांपूर्वीचा कमिट उघडा, तेव्हा आत नेमके काय होते ते अक्षरशः लिहिलेले सापडते. नोंदीच्या या शिस्तीला मी पूर्ण गुण देते.

गुण कापावे लागतात ते पुढे, म्हणजे ही नोंद रिव्ह्यूच्या पडद्यावर येते तेव्हा. सुरुवातीला सांगितलेली चूक कशी घडली ते तपशिलाने सांगण्यासारखे आहे, कारण तीत कोणाचाही निष्काळजीपणा म्हणावा असा नव्हता. माझ्या सहकाऱ्याने सकाळी ‘गिट पुल’ केले, म्हणजे सर्व्हरवरचे नवे बदल आपल्याकडे आणले. त्यामुळे बाहेरची रिपॉझिटरी ताजी झाली आणि आतल्या रिपॉझिटरीचा अपेक्षित हॅशही नवा आला. परंतु आतले फोल्डर मात्र जुन्याच कमिटवर राहिले, कारण ते हलवण्यासाठी ‘गिट सबमॉड्यूल अपडेट’ वेगळे चालवावे लागते. आता प्रत्यक्ष फोल्डर आणि नोंद यांत फरक पडला. ‘गिट स्टेटस’ने तो फरक दाखवला, पण कसा? त्या फोल्डरपुढे ‘बदललेले’ असे म्हणून कंसात ‘नवीन कमिट’ असे लिहिले. प्रत्यक्षात ते कमिट जुने होते! आतला हॅश नोंदीपेक्षा वेगळा आहे, एवढेच गिटने तपासले होते. तो पुढचा आहे की मागचा, हे त्या शब्दांतून कळत नाही. सहकाऱ्याने आपले काम संपवून ‘सर्व बदल घ्या’ या अर्थाची नेहमीची आज्ञा दिली आणि जुना हॅश नव्या कमिटमध्ये जाऊन बसला. गिटच्या दृष्टीने हा एक रीतसर बदल होता, आणि माझ्या दृष्टीने तेरा फाइलींच्या गर्दीतल्या दोन न वाचता येणाऱ्या ओळी.

हे टाळण्याची साधने गिटमध्ये आहेत, हेच अधिक खटकते. डिफच्या (फरक दाखवणाऱ्या आज्ञेच्या) सबमॉड्यूलविषयीच्या सेटिंगला ‘लॉग’ अशी किंमत दिली की, दोन हॅशऐवजी त्यांच्यामधल्या कमिटचे मथळे दिसतात; नव्याने आलेल्या कमिटपुढे उजवीकडचा बाण, काढून टाकलेल्यापुढे डावीकडचा बाण, आणि संपूर्ण प्रवासच उलट दिशेने झाला असेल, तर शीर्षकाशेजारी ‘रिवाइंड’ असा स्पष्ट शब्द. त्याच सेटिंगला ‘डिफ’ ही किंमत दिली, तर आतल्या फाइलींचा पूर्ण फरकच समोर येतो. स्टेटसमध्ये सबमॉड्यूलचा सारांश दाखवणारे वेगळे सेटिंग आहे. २०१७ साली २.१४ या आवृत्तीत ‘सबमॉड्यूल रिकर्स’ हे सेटिंग आले. ते चालू केले की पुल, चेकआउट, स्विच, रीसेट या आज्ञा आतले फोल्डरही बरोबर घेऊन चालतात, आणि माझ्या सहकाऱ्याची अडचण मुळातच उद्भवली नसती. यांपैकी एकही सेटिंग मुळात चालू नसते. शिवाय ‘सबमॉड्यूल रिकर्स’ हे सेटिंग क्लोनला लागू होत नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी नव्या माणसाला रिकामे फोल्डर दिसायचे ते दिसतेच. आणि ही सगळी सेटिंग ज्याच्या-त्याच्या यंत्रावर असतात. वेबवरच्या रिव्ह्यूच्या पडद्याला त्यांचा पत्ताही नसतो. म्हणून मी आता एक नियम पाळते: मोड १६०००० असलेली नोंद बदललेली दिसली की, तो बदल वेबवर मंजूर करायचा नाही, आपल्या यंत्रावर आणून लॉगच्या स्वरूपात वाचायचा.

हॅश पुढे गेला की मागे, याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न आहे: तो कमिट इतरांना मिळणार आहे का? आतल्या रिपॉझिटरीत कमिट करून तो पुश करायला (सर्व्हरवर पाठवायला) विसरणे, आणि बाहेरची रिपॉझिटरी मात्र पुश करणे, ही चूक इतकी सर्रास होते की, गिटने तिच्यासाठी पुशचे वेगळे सेटिंग ठेवले आहे. त्याला ‘चेक’ अशी किंमत दिली तर आतला कमिट कुठल्याच रिमोटवर (सर्व्हरवरच्या प्रतीत) नसल्यास बाहेरचा पुश नाकारला जातो. ‘ऑन-डिमांड’ दिली तर आधी आतले पुश होते आणि मग बाहेरचे. मुळात मात्र यांपैकी काहीच होत नाही. ही चूक निदान लवकर उघडकीस येते, कारण पुढचा माणूस अपडेट करायला जातो तेव्हा त्याला सर्व्हर सांगतो की असा कमिट माझ्याकडे नाही.

खरी फसवी चूक वेगळी आहे आणि तिच्यावर गिटमध्ये कोणतेही सेटिंग मला सापडलेले नाही. आतल्या रिपॉझिटरीत एखादी ब्रँच चालू असते, तिच्यातला कमिट बाहेरच्या रिपॉझिटरीत नोंदवला जातो, सगळे व्यवस्थित चालते. मग ती आतली ब्रँच ‘स्क्वॉश’ करून (सगळे कमिट एकत्र करून) मुख्य ब्रँचमध्ये मिसळली जाते आणि काढून टाकली जाते. मजकूर मुख्य ब्रँचमध्ये आला, पण वेगळ्या हॅशच्या नव्या कमिटमधून. जो कमिट बाहेर नोंदवला होता, त्याच्यापर्यंत आता कोणत्याही ब्रँचवरून पोहोचता येत नाही. सर्व्हरवरच्या साफसफाईत तो कधीतरी नाहीसा होतो. हे लगेच कळत नाही, कारण बिल्ड सर्व्हरवर (कोड जुळवून तपासणाऱ्या यंत्रावर) आणि प्रत्येकाच्या यंत्रावर जुनी प्रत असते आणि तीत तो कमिट असतो. काही महिन्यांनी एखादा नवा माणूस स्वच्छ क्लोन करतो तेव्हा जुन्या आवृत्त्या उभ्याच राहत नाहीत. वर ज्या अचूक नोंदीची मी स्तुती केली, ती अशा वेळी अचूकपणे एका नसलेल्या गोष्टीकडे बोट दाखवत राहते. म्हणून रिव्ह्यूमध्ये मी नेहमी विचारते की, हा कमिट आतल्या मुख्य ब्रँचचा पूर्वज आहे का. हे तपासायला ‘मर्ज-बेस’ या आज्ञेचा ‘इज-अँसेस्टर’ हा पर्याय पुरतो आणि तो बिल्डच्या पायऱ्यांमध्ये एका ओळीत बसतो.

तिसरा प्रकार थोडक्यात. कोणीतरी दुसरी रिपॉझिटरी आपल्या फोल्डरमध्ये क्लोन करून ठेवतो आणि नंतर सगळे फोल्डर ‘गिट अॅड’ करतो. आतल्या फाइली जोडल्या जाण्याऐवजी तिथे एक गिटलिंक तयार होते, पण डॉट गिटमॉड्यूल्समध्ये पत्ता लिहिलेला नसतो, त्यामुळे इतरांना ते फोल्डर कधीच भरून मिळत नाही. २०१७ पासून गिट अशा वेळी लांबलचक इशारा देते आणि तो चांगल्या भाषेत लिहिलेला आहे, पण इशारा देऊनही जोडणी करतेच. रिव्ह्यूमध्ये हे ओळखणे सोपे आहे: १६०००० मोडची नवी नोंद आहे आणि डॉट गिटमॉड्यूल्स बदललेली नाही, तर काहीतरी चुकले आहे.

इथपर्यंत मी सबमॉड्यूलचा हॅश बदलणाऱ्या बदलांविषयी लिहिले. या सोयीची दुसरी परीक्षा होते ती तिच्याभोवती कोड लिहिताना. आमच्याकडे दोन बिल्डच्या मध्ये फोल्डर साफ करणारी एक स्क्रिप्ट आहे. ती आतल्या रिपॉझिटरींना हात लावू नये, अशी सुधारणा करणारा सुमारे साठ ओळींचा बदल रिव्ह्यूला आला. कल्पना साधी होती: प्रत्येक फोल्डरमध्ये डॉट गिट नावाचे फोल्डर आहे का पाहायचे, असेल तर ती वेगळी रिपॉझिटरी समजून सोडून द्यायची. कोड नीटनेटका होता, टेस्ट होत्या, आणि तरीही तो खऱ्या सबमॉड्यूलवर चाललाच नसता. २०११ साली आलेल्या १.७.८ या आवृत्तीपासून सबमॉड्यूलचा खरा साठा बाहेरच्या रिपॉझिटरीच्या डॉट गिटमधील मॉड्यूल्स या फोल्डरमध्ये ठेवला जातो, आणि आतल्या फोल्डरमध्ये डॉट गिट नावाची एक छोटी फाइल असते. तीत ‘गिटडिर’ या शब्दापुढे त्या साठ्याचा मार्ग लिहिलेला असतो. फोल्डर शोधणाऱ्या कोडला ही फाइल दिसणारच नाही. टेस्ट पास झाल्या होत्या, कारण लिहिणाऱ्याने आतली रिपॉझिटरी ‘गिट इनिट’ने हाताने तयार केली होती आणि तिथे डॉट गिट हे खरोखरच फोल्डर असते.

ही चूक सांगितल्यावर दुसरी दुरुस्ती आली: डॉट गिट शोधण्याऐवजी त्या फोल्डरमध्ये शिरून थेट गिटलाच विचारायचे की, ही रिपॉझिटरी आहे का. विचार योग्य दिशेचा होता, पण सापळा त्याहून मोठा. सबमॉड्यूल अजून भरलेले नसेल, तर ते रिकामे फोल्डर असते. त्यात उभे राहून गिटला विचारले की, गिट वरच्या फोल्डरमध्ये शोधत जाते, बाहेरची रिपॉझिटरी तिला सापडते आणि ती आनंदाने होकार देते. पुढे स्क्रिप्टने आतली रिपॉझिटरी समजून ‘रीसेट हार्ड’ चालवले, तर ते बाहेरच्या रिपॉझिटरीवर चालते आणि लिहिणाऱ्याचे न कमिट केलेले काम जाते. म्हणून नुसता होकार पुरत नाही. ‘रेव्ह-पार्स’कडून सर्वात वरच्या फोल्डरचा मार्ग मागून तो आपण उभ्या असलेल्या फोल्डरशी जुळतो का, हे पाहावे लागते. त्याहूनही सोपे म्हणजे बाहेरच्या इंडेक्सलाच (पुढच्या कमिटसाठीच्या नोंदींच्या यादीलाच) विचारावे की कोणत्या नोंदींचा मोड १६०००० आहे. हे दुसरे उत्तर फोल्डर भरलेले असो वा नसो, खरेच असते. मात्र ज्या आतल्या रिपॉझिटरींची बाहेर नोंदच झालेली नाही, त्या यात येत नाहीत, म्हणून शेवटी दोन्ही तपासण्या ठेवाव्या लागल्या.

त्याच बदलात ‘गिट क्लीन’ला, म्हणजे नोंद नसलेल्या फाइली पुसणाऱ्या आज्ञेला, जबरदस्तीचे चिन्ह दोनदा दिलेले मला दिसले. लिहिणाऱ्याने सांगितले की, एकदा दिल्यावर सगळे साफ होत नव्हते. ते होत नव्हते, कारण नोंद नसलेल्या आतल्या रिपॉझिटरींना ‘गिट क्लीन’ मुद्दाम सोडून देते आणि त्याही पुसायच्या असतील तरच दुसऱ्यांदा जबरदस्ती मागते. म्हणजे ज्या गोष्टीचे संरक्षण करण्यासाठी साठ ओळी लिहिल्या, तिचे संरक्षण गिट स्वतःच करत होती आणि एका अक्षराने ते काढून टाकले होते! गिटच्या या वागण्याचे मला कौतुक वाटते. भरलेली आतली रिपॉझिटरी म्हणजे कदाचित कुठेही पुश न केलेले काम, हे तिने ओळखले आहे.

आणखी एक गोष्ट मी त्या रिव्ह्यूमध्ये विचारली आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. हीच स्क्रिप्ट हुकमधून (गिट ठरावीक वेळी आपोआप चालवते त्या स्क्रिप्टमधून) चालणार असेल तर काय? हुक चालवताना गिट काही पर्यावरण-चले (आज्ञेला आपोआप मिळणाऱ्या नावनिशी किमती) पुढे देते आणि त्यांत ‘गिट डिर’ असू शकते. ते असताना दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन गिट चालवले, तरी ती फोल्डर पाहत नाही. चलात लिहिलेल्या रिपॉझिटरीवरच काम करते. आतल्या रिपॉझिटरीची स्थिती विचारावी आणि बाहेरचीच मिळावी, असा हा प्रकार. ‘रेव्ह-पार्स’च्या ‘लोकल-एन्व्ह-व्हार्स’ या पर्यायाने अशा चलांची यादी मिळते आणि आत शिरण्यापूर्वी ती सगळी पुसावी लागतात. हुकविषयीच्या अधिकृत दस्तऐवजात हे लिहिलेले आहे, पण ते वाचायची वेळ बहुधा दोष सापडल्यावरच येते.

साठ ओळींचा तो बदल चौथ्या फेरीत मंजूर झाला, तोपर्यंत त्याच्या सव्वीस ओळी उरल्या होत्या.

एवढ्या वर्षांत गिटने सबमॉड्यूल आपोआप भरणे हे मूळ वर्तन का केले नाही, हा प्रश्न मला पूर्वी पडत असे. सुरक्षेच्या नोंदी वाचल्यावर तो पडेनासा झाला. आतली रिपॉझिटरी म्हणजे परक्याने लिहून दिलेला पत्ता, परक्याने ठरवलेले नाव आणि परक्याने निवडलेला मार्ग, आणि या तिन्हींचा वापर करून गिट तुमच्या डिस्कवर लिहिते. मे २०१८ मध्ये २.१७.१ या आवृत्तीत दुरुस्त झालेला दोष (सुरक्षा-दोषांच्या यादीतला क्रमांक सीव्हीई-२०१८-११२३५) सबमॉड्यूलच्या नावाशी संबंधित होता. सबमॉड्यूलचे नाव थेट मॉड्यूल्स फोल्डरच्या मार्गाला जोडले जात असे, त्यामुळे नावात दोन टिंबे आणि तिरकी रेघ घालून साठ्याबाहेर पडता येई आणि रिपॉझिटरीतच ठेवलेला हुक क्लोन करताना चालवून घेता येई. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २.१९.१ मध्ये पत्त्याचा दोष दुरुस्त झाला: पत्ता आडव्या रेघेने सुरू झाला तर तो पत्ता न राहता क्लोनच्या आज्ञेचा पर्याय समजला जाई. डिसेंबर २०१९ च्या २.२४.१ मध्ये एकमेकांत घुसणाऱ्या नावांचा दोष गेला आणि डॉट गिटमॉड्यूल्समध्ये लिहिलेली आज्ञा अपडेटच्या वेळी चालू शकण्याची वाटही बंद झाली. मे २०२४ मध्ये २.४५.१ आली तेव्हा पाळी मार्गाची होती. जिथे लहान-मोठ्या लिपीतील अक्षरे एकच मानली जातात आणि सिमलिंकही चालतात, अशा डिस्कवर सबमॉड्यूलच्या फाइली डॉट गिटच्या आत लिहिल्या जाऊ शकत होत्या. आणि जुलै २०२५ मध्ये २.५०.१ ने मार्गाच्या शेवटी असलेल्या एका न दिसणाऱ्या ‘कॅरेज रिटर्न’ अक्षराचा दोष बुजवला. हे अक्षर सेटिंगमध्ये लिहिताना अवतरणात घातले जात नव्हते, त्यामुळे परत वाचताना गळून पडे आणि सबमॉड्यूल भलत्याच जागी उतरे.

हे दोष एकापुढे एक ठेवून पाहिले की, रिव्ह्यूसाठी एक उत्तम प्रश्न हाती येतो: बाहेरून आलेली ही अक्षरे कोणकोणत्या ठिकाणी मार्ग म्हणून किंवा आज्ञा म्हणून वापरली जातात, आणि लिहिताना व वाचताना त्यांचा अर्थ एकच राहतो का? आतल्या रिपॉझिटरींना हात लावणारा कोणताही बदल मी आता याच प्रश्नाने वाचते. गिटच्या बाजूने एवढे म्हणायला हवे की, दुरुस्त्या एकाच जागी न थांबता अनेक जुन्या आवृत्त्यांनाही दिल्या गेल्या, आणि सर्व्हरवर अशा रिपॉझिटरी आत येतानाच अडवता याव्यात म्हणून तपासण्याही वाढवल्या गेल्या. कधी कधी या कडकपणाचा त्रासही होतो. ऑक्टोबर २०२२ च्या २.३८.१ पासून डिस्कवरच्या स्थानिक मार्गाहून सबमॉड्यूल घेणे मुळात बंद केले गेले. आतली रिपॉझिटरी तात्पुरत्या फोल्डरमध्ये तयार करणाऱ्या आमच्या सगळ्या टेस्ट त्या दिवशी एकदम कोसळल्या. त्या चालू करण्यासाठी ते बंधन संपूर्ण सर्व्हरवर सैल करणारा एक बदल लगोलग रिव्ह्यूला आला आणि तो मी परत पाठवला. परवानगी फक्त टेस्टच्या आज्ञेपुरती देता येते आणि तेवढीच द्यावी.

राहिलेल्या उणिवा पटकन सांगते. अपडेट केल्यावर आतली रिपॉझिटरी कोणत्याच ब्रँचवर नसते आणि तिथे केलेले कमिट सहज हरवतात. पत्ता बदलला की, डॉट गिटमॉड्यूल्स ताजी झाली तरी प्रत्येकाला ‘सिंक’ वेगळे चालवावे लागते. सबमॉड्यूल काढून टाकले तरी त्याचा साठा मॉड्यूल्स फोल्डरमध्ये राहतो आणि त्याच नावाने दुसरे काही जोडायला गेले की तो आडवा येतो. एकाच रिपॉझिटरीच्या अनेक वर्किंग ट्री (काम करण्याची फोल्डरे) ठेवणाऱ्यांसाठी तर दस्तऐवजातच लिहिले आहे की, सबमॉड्यूलचा आधार अपुरा आहे आणि अशी मांडणी करू नये. हा प्रामाणिकपणा चांगला, पण तो अनेक वर्षे तसाच आहे.

पर्यायांशी तुलना केल्याशिवाय परीक्षण अपुरे राहील. मर्क्युरियल या गिटसारख्याच साधनात सबरेपो आहेत आणि त्यांच्याच दस्तऐवजात त्यांना अखेरचा उपाय मानले आहे. अँड्रॉइडसारख्या शेकडो रिपॉझिटरींच्या प्रकल्पासाठी ‘रेपो’ नावाचे वेगळे साधन आहे. त्यात सगळ्या रिपॉझिटरींची यादी एका फाइलीत असते, पण तेवढ्या आकाराची गरज नसेल तर ते ओझेच ठरते. खरी स्पर्धा ‘गिट सबट्री’शी आहे. २०१२ सालच्या १.७.११ पासून गिटच्या सोबत मिळणाऱ्या जोडसाधनांत ते आहे. ते आतल्या रिपॉझिटरीच्या फाइली सरळ बाहेरच्या रिपॉझिटरीत आणून ठेवते, त्यामुळे क्लोन करणाऱ्याला काहीच वेगळे करावे लागत नाही आणि रिव्ह्यू करणाऱ्याला प्रत्येक बदललेली ओळ दिसते. किंमत मोजावी लागते ती उलट दिशेला: आपण केलेले बदल मूळ रिपॉझिटरीला परत द्यायचे असतील, तर त्यांना वेगळे काढणारी आज्ञा मोठ्या इतिहासावर फार वेळ घेते, आणि कोणती फाइल कुठून आली याची सीमा वापरणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

आमच्याकडे आतल्या तीन रिपॉझिटरी होत्या. त्यांपैकी बाहेरून घेतलेली, वर्षातून एक-दोनदा बदलणारी आणि आम्ही परत काहीच न पाठवणारी लायब्ररी मी सबट्रीवर हलवायला सांगितली. तिथे सबमॉड्यूलची शिस्त फुकट जात होती. उरलेल्या दोन स्वतंत्र गटांच्या आहेत, त्या रोज बदलतात आणि त्यांचा कोणता कमिट आमच्याबरोबर गेला याची नेमकी नोंद आम्हाला हवी असते. त्या सबमॉड्यूल म्हणूनच ठेवल्या. प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (बदल मिसळून घेण्याच्या विनंतीवर) बिल्ड सर्व्हर आता त्या दोन ओळींमागचा लॉग काढून टिप्पणीत चिकटवतो, कमिट आतल्या मुख्य ब्रँचवर आहे का ते तपासतो, आणि प्रवास मागच्या दिशेने झाला असेल तर कोणीतरी कारण लिहीपर्यंत मंजुरी रोखून धरतो. गेल्या महिन्यात त्याने एकदाच रोखली. कारण खरे होते: आतल्या ताज्या आवृत्तीत दोष सापडला होता आणि मागे जाणे हाच त्या बदलाचा हेतू होता.